कल्याणप्पाच्या जीपचे ब्रेक

लोहाऱ्यात आडत चालवणारा कल्याणप्पा मला कधीच आवडला नव्हता. पण त्यानं जीप घेतली, त्या दिवसापासून मी त्याला माणसांत धरायचंच सोडलं. एकोणीसशे अठ्ठावन्न साल असंल. सोलापुरात लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात त्यानं ती बावीसशेला घेतली. घेतली म्हणजे काय, टायरला बुटाची ठोकर मारली आणि पैसे मोजले. ठोकरीनं गाडी कळते असं समजणारी गाढवं मी हैदराबादेत गॅरेजात होतो तेव्हा पुष्कळ बघितली होती.

जीप माझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानासमोर आली. मी तासभर तिच्याखाली पडून बघितलं आणि हात पुसत बाहेर आलो.

"बोल वजीर, कशी हाय?"

"आप्पा, इंजिनाच्या रिंगा झिजल्यात, म्हणून तेल जळून निळा धूर येतोय. दुसरा गिअर निसटतोय. स्टेअरिंग ढिलं हाय. आन् ब्रेकचं तेल गळतंय. सगळं करायचं तर चारशे लागतील. तेवढं नको वाटलं, तर नव्वद रुपयांत ब्रेक तरी करून घ्या."

तो पोट हलवून हसला. "तुमा मिस्त्री लोकांचा धंदाच गिऱ्हाइकाला भेव घालायचा. वरनं तेल घाल, झालं."

मी तेल घातलं. गळती होती तिथंच राहिली. पुढच्या आठ दिवसांत या माणसानं हिरवा रंग, लाल रेक्झिनच्या गाद्या, दोन आवाजांचा भोंगा आणि पुढच्या पत्र्यावर स्वतःचं नाव, एवढ्यावर दोनशे रुपये उडवले. मग काळा चष्मा लावून तो रोज पंचायत कचेरीवरून तीन चकरा मारू लागला. कचेरीत काम काहीच नसायचं. कारकून बाहेर बघतात की नाही, एवढंच तो बघायचा.

एके दुपारी त्याची बायको इरम्मा दुकानासमोर थांबली.

"वजीरभाई, लेकीच्या साखरपुड्याला तामलवाडीला जायचंय. जीपमधनं चला म्हणत्यात. बसू का?"

"आक्का, माझी लेक असती तर म्या बसू दिली नसती."

साखरपुड्याच्या दिवशी ती लेकीला घेऊन सकाळच्या एसटीत जाऊन बसली. कल्याणप्पा स्टँडवर येऊन ओरडला, "घरात मोटार आसून बायकू एसटीनं! लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या," ती म्हणाली.

साखरपुडा चांगला झाला. परतताना कल्याणप्पानं व्याह्याला, मल्लिकार्जुन आप्पांना, घर दाखवतो म्हणून आग्रहानं जीपमध्ये घातलं. नळदुर्गाजवळ बोरी नदीच्या उताराला त्याचा पाय ब्रेकवर पडला आणि सरळ तळाला टेकला. गिअर टाकला, तो निसटला. गाडी पळत सुटली. तेव्हा या शूर माणसानं काय केलं? उडी मारली. व्याह्याला आत सोडून! जीप खडीच्या ढिगावर जाऊन आदळली. मल्लिकार्जुन आप्पांचा हात दोन ठिकाणी मोडला. याचा गुडघा खरचटला.

तिसऱ्या दिवशी तो हात गळ्यात बांधलेल्या व्याह्याला आणि वीस-पंचवीस माणसांना घेऊन माझ्या दुकानावर आला.

"ह्यानंच ब्रेक बिघडवलं! मुद्दाम केलंय ह्यानं. ह्या लोकांच्या पोटात अजून काय हाय, ते ठावं न्हाय का आपल्याला?"

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दहाच वर्षं झाली होती; रझाकारांचा सूड म्हणून तेव्हा आमच्या कित्येक निरपराध माणसांना गर्दीनं मारलं होतं. अशा गर्दीत माझ्यासारख्यानं आवाज चढवायचा नसतो. मागं माझ्या बायकोनं, ताहेराबीनं, पोरांना आत ओढून कडी लावली. ती कडी मला ऐकू आली. मी नुसता उभा राहिलो. कल्याणप्पाला माझी ही अडचण पुरती माहीत होती, आणि तिच्याच जोरावर तो बोलत होता. एवढा हलका माणूस मी दुसरा बघितला नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत इरम्मा आली. डोक्यावरचा पदर सावरून ती थेट व्याह्यांशी बोलली.

"वजीरभाईंनी नव्वद रुपयांत ब्रेक करून घ्या म्हटलं व्हतं. ह्यांनी दोनशे रंगाला घातले. गाडीत बसू नगा, असं वजीरभाईंनी मला सांगितलं, म्हणून मी एसटीनं आले. तुमाला मात्र बसताना बघून गप ऱ्हायले. नवऱ्याची लाज राखायला गेले. तुमचा हात माझ्यामुळं मोडला, आप्पा."

"घरात चल!" कल्याणप्पा किंचाळला. ती हलली नाही.

मल्लिकार्जुन आप्पा कल्याणप्पाकडं वळले.

"ब्रेक ह्या मिस्त्रीनं बिघडवला म्हणता. मग तुमी उडी मारली, तीबी ह्यानंच शिकवली व्हय?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. माणसं एकेक करून पांगली. जाताना आप्पा इरम्माला म्हणाले, "सोयरीक मोडत न्हाय, विहीणबाई. पोरगी तुमच्यावर गेली आसंल, तर आमचं भलंच हाय."

लग्न उन्हाळ्यात झालं. जीप तोवर बैल जुंपून गावात ओढून आणली होती. महिन्याभरानं कल्याणप्पा स्वतः आला आणि हळू आवाजात खर्च विचारू लागला. मी पाना खाली ठेवला नाही, मान वर केली नाही.

"उमरग्याला मिस्त्री हायत," एवढंच म्हणालो.

तो गेला. ताहेराबी म्हणाली, चारशेचं काम घालवलंत. घालवलं खरं.