काढणे आणि पुसणे

थोरलीच्या मुलीला पहिला दात आला, त्या वर्षी आमच्या हिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव राहील, आवाज राहणार नाही. म्हणून थोरलीनं ऑफिसातून रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं, आठवडाभर आईला त्याच्यापुढे बसवलं आणि तिचे दोनशे बारा शब्द भरून घेतले. पाणी. दुखतंय. खिडकी लावा. पुरे झालं शहाणपण. हा शेवटचा खास माझ्यासाठी.

ही कधी अक्षरं शिकलीच नाही. मी साठी उलटल्यावर शिकलो, थोरलीकडूनच, पाटीवर. तेव्हापासून तिला मास्तरीणबाई म्हणतो. "आता डबा घेऊन शाळेत जायचं तेवढं राहिलंय," असं ही म्हणायची.

थोरलीनं आईसाठी प्रोग्राम लिहायला घेतला. चित्राला बोट लावलं की हिच्याच आवाजात शब्द यायचा. थोरली कामावर गेली की तिचा लॅपटॉप माझ्या ताब्यात. पडद्यावर डावीकडे फायलींची यादी असायची, कोडच्या फायली एका खणात, आवाजाच्या दुसऱ्या. माउस शिकताना मी एकदा 'अहो' ही आवाजाची फाईल ओढून कोडच्या खणात टाकली.

"बाबा, भाजीच्या टोपलीत चप्पल ठेवता का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. पण तिनं ती तशीच चालवून घेतली.

त्या सोमवारी हिला पुन्हा दवाखान्यात दाखल करायचं होतं, बाराला गाडी येणार होती. सकाळी प्रोग्राम चालेना. मी थोरलीला फोन लावला.

"यादीत काय दिसतंय?"

"'आवाज' दोनदा दिसतोय."

"काल घाईत मीच दोनदा जोडला वाटतं. खालचा घालवा. पडद्यावर छोटी खिडकी उघडेल, मग चिठ्ठी बघा."

खिडकीतलं इंग्रजी मला येत नाही, म्हणून पडद्याच्या कडेला तिनं चिठ्ठी चिकटवली होती. डावं बटण: काढणे. मधलं: पुसणे. उजवं: नको.

मी थांबलो. काढणे म्हणजे पाटीवर अक्षर काढणे. ते दाबलं तर तिसरा 'आवाज' उमटेल. घालवायचं तर पुसायलाच हवं. मी मधलं दाबलं.

दोन्ही गेले.

"कोणतं दाबलंत?"

"पुसणे."

"अहो बाबा, काढणे म्हणजे यादीतून काढणे! नावं दोन होती, खण एकच. तुम्ही खणच पुसलात."

तिनं पडद्यावरचा कचऱ्याचा डबा उघडायला लावला. रिकामा.

"त्या यंत्रात असतील ना?"

"ते साफ करून परत दिलं."

"दुसरी प्रत?"

"रविवारी काढणार होते," ती म्हणाली आणि रडायला लागली. प्रतसुद्धा काढतात, हे मला तेव्हा सुचलं.

मी एकेक खण उघडून एकेक नाव जोडत वाचत सुटलो. घामानं माउस हातातून निसटत होता. ही कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. थोरली म्हणाली, "आईला विचारा, मशीनमधल्या बाईचा आवाज लावून देऊ का?" हिनं जोरात मान हलवली आणि माझा हात धरून पडद्याकडे ढकलला. शोधा म्हणून.

बाराला वीस कमी असताना कोडच्या खणात अगदी तळाशी दोन अक्षरं दिसली. मी ती दाबली.

"अहो," ही म्हणाली.

"टोपलीतली चप्पल," फोनवरून थोरली म्हणाली. दोनशे बारांतला तेवढा एक राहिला.

लॅपटॉप दवाखान्यात सोबत नेला, पण बाकीची चित्रं मुकी. ही बोटानं दाखवायची, मी बघायचो. पुढे बोटाला नेम धरता येईना, तेव्हा थोरलीनं अख्खा पडदा त्या एका शब्दाला देऊन टाकला. कुठेही हात पडला तरी वाजायचं. अहो. अहो. मी पाणी पुढे करायचो, उशी सरकवायचो, खिडकी लावायचो. ती मान हलवायची आणि पुन्हा हात टाकायची. अहो. मी नर्सला बोलवायचो, पाय चेपायचो, काय हवंय गं, म्हणून विचारायचो. चार दिवस ती मागत राहिली. काय मागत होती ते मला सापडलं नाही.

नात चालायला लागली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता माझी बायको वारली.