तांब्याचा कूलर

संघप्रियानं मदरबोर्ड खोक्यातून काढून टेबलावरच्या स्पंजवर ठेवला आणि मेमरीची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी स्लॉटमध्ये दाबली. बाजूचे पांढरे चिमटे टक् करून मिटले. पट्टीच्या कडेला एकच खाच, म्हणजे नव्या जातीची मेमरी. बोर्डही तिच्याच जातीचा. जुळलं होतं. पूर्वी एवढ्यावर ती निदान मान तरी डोलवायची. आता तिनं नुसती पुढची वस्तू हातात घेतली.

"झालं का वैनी?" रॅकवरच्या केबल पोत्यात भरता भरता सूरजनं विचारलं. तो तिचा धाकटा दीर.

"मेमरी झाली. कूलर ऱ्हायलाय."

"सावकाश करा. हंबीरराव येतीलच एवढ्यात. तेंचा कॉम्प्युटर गेला की शटर वडू. मोबाईलवाला सांजच्याला जागा बघाय येणार हाय."

"चालंल," संघप्रिया म्हणाली.

हा शब्द गेल्या दीड महिन्यात तिच्या तोंडात बसला होता. तिचा नवरा प्रसेनजीत पन्हाळ्याच्या एका ऑफिसातला कॉम्प्युटर दुरुस्त करून परत येताना वाघबिळाच्या उतारावर गाडीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. तेव्हापासून जो जे विचारेल त्याला ती चालंल म्हणत आली होती. फोटो कोणता लावायचा, पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत कुणी कुणी बोलायचं, माहेरी किती राहायचं, आणि शेवटी दुकान मोडून जागा त्या मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायची का. सगळ्याला चालंल. सूरज काही वाईट माणूस नव्हता. बाईमाणसानं एकटीनं हे दुकान रेटायचं कसं, एवढीच त्याची काळजी, आणि ती खरी होती.

ती रडली नाही म्हणून भावकीतल्या बायकांत कुजबुज झाली होती. तिलाही नवल वाटलं होतं, पण तेवढंच. दाढ काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, हात लावला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. पुण्यानुमोदनाला माणसं माईक हातात धरून बोलली. प्रसेनजीत कसा मनमिळाऊ, कसा निर्व्यसनी, त्याच्या हातून म्हणे कधी चूक झाली नाही. माणूस गेला की लोक त्याला धुऊन पुसून इतका लख्ख करतात की घरच्यांना तो ओळखू येईनासा होतो. संघप्रिया पांढऱ्या साडीत बसून ते सगळं ऐकत होती आणि हे कुणाविषयी चाललंय, असं तिला मधूनच वाटत होतं.

दुकानातली ही शेवटची ऑर्डर कसबा बावड्याच्या हंबीररावांची होती. त्यांची लेक तेजस्वी इंजिनिअरिंगला लागली होती, तिच्यासाठी कॉम्प्युटर. प्रसेनजीत गेल्यावर सूरजनं त्यांना सरळ सांगितलं होतं की दुसऱ्या दुकानातून घ्या, वाईट वाटून घेऊ नका. हंबीररावांनी ऐकलं नाही. "प्रसेनजीतनं निवडलंय तेच मला पायजे. तेच्यातला एक स्क्रूबी बदलायचा न्हाय," असं त्यांनी दारात उभं राहून बजावलं होतं. गेलेल्या माणसाचा मान ठेवण्याची ही त्यांची रीत. म्हणून सुटे भाग एका खोक्यात तसेच राहिले होते, आणि म्हणून संघप्रिया आज टेबलाशी बसली होती.

नवराबायकोनं हे काम वाटून घेतलेलं होतं. मेमरी तिची, कूलर त्याचा. मेमरीला हात हलका लागतो. कूलर म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा. त्याची आकडी प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या दातात अडकवायला स्क्रूड्रायव्हरनं जोर करून दाबावी लागते. जोर करताना टोक निसटलं की बोर्डावर ओरखडा, आणि बोर्ड कचऱ्यात. तेव्हा प्रसेनजीत जीभ दातांत धरायचा आणि तिला म्हणायचा, आता बोलू नको.

तिनं प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका लावला आणि खोक्यातला कूलर उचलला. अख्खा तांब्याचा होता. मनगट वाकलं. तिनं तो सॉकेटवर धरला, खाली आणला, आणि तो मध्येच अडला. तिनं वाकून बघितलं. सॉकेटच्या अगदी कडेला कपॅसिटरची, म्हणजे बारक्या नळकांड्यांची, रांग उभी होती, आणि ठोकळ्याची कड त्यांच्यावर टेकत होती. फिरवून बघितला तर आकडी भलत्या बाजूला गेली. पुन्हा सरळ केला, पुन्हा अडला.

तिनं कूलर खाली ठेवला. खरं तर फार अवघड काही नव्हतं. रॅकवर सॉकेटभोवती मोकळी जागा असलेला दुसरा बोर्ड होता, पण तो जुन्या मेमरीचा. तो घ्यायचा तर मेमरीही जुनी घालावी लागणार, म्हणजे त्या पोरीच्या कॉम्प्युटरचे पाय पहिल्याच दिवशी मोडायचे. दुसरी वाट म्हणजे बोर्ड-मेमरी तशीच ठेवून कूलर बदलायचा. ॲल्युमिनियमचा साधा कूलर दुकानात होता. आवाज जरा करेल, पण बसेल, आणि प्रोसेसर थंड ठेवेल. कुणाला कळणारही नाही. तिला हे सगळं स्पष्ट दिसत होतं आणि तरी ती त्या तांब्याच्या ठोकळ्याकडं बघत बसली.

"काय झालं?" सूरजनं विचारलं.

"बसंना झालाय."

"कसा बसंना? दादानं निवडलाय की."

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या आणि हंबीरराव आत आले. धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज पलीकडच्या गल्लीत जाईल असा.

"काय ताई, जोडला का माझा डबा? पोरगी सकाळधरनं जीव खायालीय." मग भिंतीवरच्या प्रसेनजीतच्या फोटोकडं लक्ष जाऊन त्यांनी टोपी काढली आणि आवाज खाली आणला. "सोन्यासारखा माणूस. तेच्या हाताला चूक म्हाईत न्हाई. म्हणून तर म्हटलं, तेनं निवडलंय तेच..."

"चुकलेत ते," संघप्रिया म्हणाली.

हंबीरराव थांबले. सूरजच्या हातातली केबल हातातच राहिली.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "गेलेल्या माणसाला असं..."

"मग काय म्हणू? ह्यो कूलर ह्या बोर्डावर बसत न्हाई. ह्यो बघा कुठं अडतोय. पोरानं बघितलं तरी कळंल. ह्येनी बोर्ड बघितलाच न्हाई, नुसता कूलर बघितला." तिनं तो ठोकळा दोन्ही हातांनी उचलून हंबीररावांपुढं धरला. "काय बघितलं असंल सांगू? वजन!"

हंबीररावांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि ते जरा चाचरले. "तसं... मीच म्हटलतो तेला. म्हटलं, पावणं, काय घालायचं ते जड घाल, फडफडीत नको. मग आमी दोघांनीबी हातावर घिऊन बघितला की. गुळाची ढेप बघावी तसा."

"आणि ते व्हय म्हणाले?"

"व्हय म्हणाले? अवं, मला पहिला दावला त्यो ह्येच्यापेक्षा हलका व्हता. मी तेवढ्यावर खूश व्हतो. तेनीच आत जाऊन ह्यो काढून आणला. म्हणाले, ह्यो बघा दणका!"

संघप्रियाची कानशिलं गरम झाली. दीड महिन्यात तिच्या अंगात काही म्हणून चढलं नव्हतं, ते आता भराभर चढत होतं.

"ऐका! आयुष्यभर हेच केलं या माणसानं. लग्नात कपाट घेतलं, ते दारातनं आत जाईना. चौकट काढाय लागली. का, तर जड हाय! तवा आणलाय, एका हातानं उचलत न्हाई. कलिंगड आणलं की जड बघून, आत पांढरं निघू दे न्हाईतर काळं. मी सांगून सांगून थकलो, वजन म्हंजे माल न्हवं हो! ऐकायचं नावच न्हाई." तिचा आवाज आता हंबीररावांच्या आवाजाला भिडला होता. हंबीररावांच्या मिशीखाली हसू फुटू पाहत होतं, आणि सूरजही नको नको म्हणता हसायला लागला, कारण त्या कपाटाचं एक टोक तेव्हा त्यानं धरलं होतं.

"आणि माणसं माईकवर सांगतात, चूक म्हाईत न्हवती!" कूलर हातात तसाच धरून ती टेबलापलीकडच्या प्रसेनजीतच्या स्टुलाकडं वळली. "अहो, बोर्ड तरी बघायचासा की! सांगा आता ह्येनला काय सांगायचं ते!"

आणि ती उत्तरासाठी थांबली.

त्याच्याकडं उत्तर नेहमी तयार असायचं. कान खाजवत तो होलसेलवाल्यावर ढकलायचा, नाहीतर, अगं गिऱ्हाईकाचं मन, म्हणून सारवासारव करायचा, आणि तिला ते खोटं आहे हे माहीत असलं तरी ऐकायला बरं वाटायचं. ती खरंच थांबली. स्टुलावर कोणी नव्हतं. हंबीररावांचं हसू विझलं आणि ते जमिनीकडं बघायला लागले.

तो मेला, हे तिला त्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिनं ते ऐकलंही होतं. पण तो आता सारवासारव करायलाही येणार नाही, हे तिला या क्षणी कळलं. तिनं कूलर टेबलावर ठेवला, तो ठेवता ठेवता तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, आणि मग ती रडायला लागली. पदर तोंडाला लावायचंही तिला सुचलं नाही. सूरज पुढं झाला, तर हंबीररावांनी त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं आणि स्वतः दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

"रडू दे," ते म्हणाले. "मला कुठं घाई हाय."

बाहेर एक रिक्षा येऊन थांबली आणि गेली. संघप्रियानं रडत रडतच तोंड पुसलं, उठून ॲल्युमिनियमचा कूलर आणला आणि बोर्डावर धरला. कपॅसिटरच्या आत तो बरोबर बसला.

"ह्यो घालतो मी," ती म्हणाली. "बोर्ड आणि मेमरी तीच ऱ्हाईल. ह्येचा आवाज यील थोडा."

"यीउ दे. तुमाला पटलं ते घाला."

तिनं एका बाजूची आकडी अडकवली, दुसऱ्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जोर द्यायला गेली. टोक डळमळलं. तिनं हात उचलला आणि बघितला. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. तिनं स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून दिला.

"काका, आज न्हाय जमायचं. हात हलायलाय, बोर्ड जाईल. उद्या या."

हंबीररावांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा सूरजकडं बघितलं.

"उद्या दुकान हाय व्हय?"

"वैनी," सूरज म्हणाला, "त्यो मोबाईलवाला आता यील. तेला मी काय..."

"हाय की," संघप्रियानं हंबीररावांना सांगितलं. "धाला उघडतो. जेवायच्या आत घिऊन जावा."

सूरजनं खिशातला फोन काढला, तिच्याकडं बघितलं, आणि मोबाईलवाल्याचा नंबर लावत तो बाहेर पायरीवर गेला. ती अजून रडतच होती, आणि तिला थांबायचंही नव्हतं.