नाकातली जळू आणि केंतोचं लग्न

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. गुरांच्या डॉक्टरांनीही ठेवला नाही. पण ते परगावचे, शिवाय शिकलेले. काल दुपारी ते आमच्या ओसरीवर टेकले, दोन बांबू भरून आमची ओपो, तांदळाची दारू, प्याले आणि विचारू लागले की आमच्या मिथुनांना, म्हणजे रानात चरणाऱ्या गव्यासारख्या गुरांना, जंत, गोचीड, जळवा असं काही होतं का. म्हटलं, होतं का म्हणजे? माझ्या पोराचं लग्न एका जळवेपायी अडलं होतं.

सून जुमरी तिथेच कमरेला माग बांधून विणत बसली होती. तिचंच लग्न ते. म्हणून मी जपून, खरं तेवढंच सांगायला घेतलं.

जुमरीचा बाप गोमार म्हणजे डोंगरापलीकडचा ताठ माणूस. आमच्या केंतोला पोरगी द्यायची तर दहाव्या दिवशी दारात धष्टपुष्ट मिथुन उभा राहिला पाहिजे, नाहीतर दुसरं स्थळ तयारच होतं. माझ्याकडे मिथुन एकच. आता मिथुन काही गोठ्यात बसणारं जनावर नव्हे. डोंगराच्या दोन्ही अंगांच्या पाच गावांचे मिथुन एकाच रानात मोकळे. मीठ घेऊन जायचं, हाक मारायची, की येतात चाटायला. पहिल्या दिवशी माझा आला तो बरगड्या मोजून घ्याव्यात असा. नाकातून रक्त, श्वास फुटक्या बासरीसारखा. केंतोची आई याकेन म्हणाली, "हा गोमारच्या दारात नेलात तर तो पोरगी नाही, औषध देईल."

नाकात जळू होती. ओढ्यावर पाणी पिताना शिरते दोऱ्याएवढी आणि आत बसून पोसते. ओढली की तुटते. तिला तहानेनंच बाहेर बोलवावं लागतं. मी मिथुन झाडाला बांधला, दोन दिवस मीठ चाटवलं, पाण्याचा थेंब दिला नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेला बांबू नाकाखाली धरला. जळवेनं डोकं बाहेर काढून इकडेतिकडे पाहिलं, तेवढ्यात बांबूच्या चिमट्यात धरली.

इथवर डॉक्टर मान डोलावत होते.

मग मी ओढायला लागलो. वीतभर आली, हातभर आली, शेवट काही दिसेना. केंतोला म्हटलं, गुंडाळ झाडाला. अकरा वेढे झाले. याकेनने एक तुकडा कापून लाकडाची मोळी बांधली. उरलेली आम्ही नदीवरच्या वेताच्या पुलाला लावली, तिथला एक वेत कुजलाच होता. जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या पायाला चिकटायची जरा, पण पुलावरून घसरून कोणी पडलं नाही.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. जळू फार तर बोटभर, म्हणाले. म्हटलं, तुमच्या खालच्या मुलखात असेल.

नाक मोकळं झाल्यावर मिथुनाने जो पहिला श्वास घेतला, त्यात समोरच्या झुडपाची पानं गेली, दोन फुलपाखरं गेली. मग जो चरायला लागला! सातव्या दिवशी मान अशी भरली की दोर तुटला आणि गडी रानात पसार. नवव्या दिवशी मी पुन्हा मीठ घेऊन हाक मारली, आणि झाडीतून आला तो काय रुबाब! काळा कुळकुळीत, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, पाठ अशी की वर चटई टाकून झोपावं. मलासुद्धा ओळखू येईना. जळू गेली की जनावर असं बदलतं.

दहाव्या दिवशी तो गोमारच्या दारात उभा केला. गोमार त्याच्याभोवती तीनदा फिरला, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चांगला पोसलाय." लग्न झालं.

डॉक्टर विचारात पडले. सहा दिवसांत जनावर इतकं सुधारायला खायला काय घातलं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच जुमरीचा माग थांबला.

"आबो," ती मला, सासऱ्याला, म्हणाली, "त्या मिथुनाच्या डाव्या कानाला दोन चिरा होत्या. ती आमच्या घराची खूण. बाबांनी बघताक्षणी ओळखला. केंतो नाहीतर कोणीच नाही असं मी सांगून ठेवलं होतं, म्हणून गप्प बसले. तुम्ही माझ्या बापाला त्याचाच मिथुन नेऊन दिलात."