पुतळ्यांच्या माळेतला काउंट

आयर्लंडमधल्या लेटरकेनीत गाडीशिवाय माणूस म्हणजे घरातलं फर्निचर, असं सुलक्षणाबाईंचं स्पष्ट मत होतं. नागपुरात लूनावरून गावभर हिंडलेली बाई ती! इथं डॉक्टर लेकाकडे राहायला आल्यापासून साधं दूध संपलं तरी जयदीपची ड्यूटी संपायची वाट बघायची. शेवटी त्यांनी कंबर कसली. थिअरी पास केली, धडे घेतले, लायसन्स काढलं. राहिली होती फक्त गाडी.

आणि घबाड सापडलं ते थेट त्यांच्या पुतळ्यांच्या माळेत! सगळ्या पुतळ्या एकसारख्या, एकच वेगळी. तिच्यावर चिलखत घातलेला कोणी दाढीवाला. बाईंच्या पणजीच्या काळातल्या सोनारानं सोनं ते सोनं म्हणत कडी जोडली आणि ओवून मोकळा झाला. डब्लिनच्या नाणेवाल्यानं फोटो बघून सांगितलं, हा काउंट, म्हणजे जर्मनीतल्या एका चिमुकल्या मुलखाचा जहागीरदार. नाणं चारशे वर्षांचं आणि फार दुर्मिळ. कडीमुळे किंमत उतरली, तरी बऱ्यापैकी गाडी सहज येईल.

"विकायचं," बाई म्हणाल्या.

जयदीप उखडलाच. "आई, लोक काय म्हणतील? आईचं स्त्रीधन विकून खाल्लं! गाडी मी घेऊन देतो ना."

"स्त्रीधन कुणाचं असतं रे? आणि तू घेतलीस की बर्फ पडला, लपव किल्ली. वारा सुटला, लपव किल्ली. मी काय ओळखत नाही तुला?"

डब्लिनपर्यंत जयदीप गाल फुगवून गाडी चालवत होता.

दुकानदार माणूस भला होता. त्यानं नाणं भिंगाखाली धरलं, मान डोलावली, विक्रीचा कागद तयार केला आणि सरळ जयदीपसमोर ठेवला. "आईंची नक्की तयारी आहे ना?" त्यानं जयदीपलाच विचारलं.

बाईंचा पारा चढला. म्हणजे इथंही तेच! त्या तोंड उघडणार, तेवढ्यात जयदीपनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "नाणं तिचं आहे. तिला विचारा."

त्यानं कागद आईकडे सरकवला. दुकानदार ओशाळला, सॉरी म्हणाला. बाईंचे डोळे भरून आले. आडनावासकट पूर्ण नाव लिहूनच त्या उठल्या.

बाहेर आल्यावर जयदीप हळूच म्हणाला, "आई, निदान ऑटोमॅटिक तरी घे."

"गिअरचीच घेणार," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आणि तू मागच्या सीटवर बसायचं."