तपासून दिलेला माल

मी टब बोलतोय. अंघोळीचा नव्हे, एवढं नशीब कुठलं! गेवराईच्या हमरस्त्यावर बंकटचं पंक्चरचं दुकान आहे, तिथला मी काळ्या पाण्याचा टब. मूळचं मी तेलाचं पिंप. बंकटनं ते मधोमध कापलं, काठ ठोकून बोथट केले आणि दारात मांडलं. फुगवलेली ट्यूब पोटात घ्यायची आणि बुडबुडा कुठून येतो ते दाखवायचं, एवढंच माझं काम. माझ्यापुढं कुणाची थाप चालत नाही.

त्या काळात देशाचा बाजार खुला झाला म्हणे. आम्हाला ते कळलं ट्रक वाढल्यावर. ड्रायव्हर मुक्कामाला थांबू लागले आणि ढाब्यामागच्या खोल्यांतल्या बायकांकडची वर्दळही वाढली. बबिता त्यांच्यातलीच. एका संस्थेनं तिला शिकवलं होतं. आपला धंदा सांभाळून ती ड्रायव्हरांना एड्सबद्दल सांगायची, निरोध वाटायची. ऐकणारे थोडे, दात काढणारे फार.

"फुकटचा माल हाय, गळत आसंल," धुळाजी म्हणाला. कडा गावच्या कारखान्याची साखर वाहणारा हा ड्रायव्हर, जिभेला हाड नसलेला.

बबितानं तिथंच एक पाकीट फोडलं आणि निरोध बंकटपुढं धरला. "भाऊ, ह्यात हवा भर आन् बुडवून दाव ह्याला."

बंकट लाजून चूर झाला, पण त्यानं हवा भरली. तो फुगा माझ्यात बुडवला, दाबला, फिरवला. एक बुडबुडा नाही! सगळे ड्रायव्हर माझ्यावर वाकले होते.

"आयला, ट्यूबपेक्षा पक्का हाय की बे!" धुळाजी म्हणाला. त्या दिवशी बबिताची पिशवी रिकामी झाली. मला तर सरकारी नोकरी लागल्यासारखं वाटलं.

घोळ पुढं झाला. ड्रायव्हर बंकटकडं तपासलेलाच माल मागू लागले. बंकट भला माणूस. ट्यूबला करायचा तेच त्यानं निरोधाला केलं. हवा भरून बुडवला, पुसला, पावडर मारली, गुंडाळून परत दिला. एवढं ताणलेलं नाजूक रबर कामातून जातं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका सकाळी बबिता तरातरा आली. "काल धुळाजीनं सोताहून निरोध आणलता. मी येवढी खूश झाले, नीट बघितलंबी न्हाई. आन् तो फाटला. कुठून आणला त्यानं?"

"माझ्याकडून," बंकट कौतुकानं म्हणाला. "तपासून दिलता, ताई."

सगळं ऐकल्यावर बबिता टायरवर बसली. "आरं भाऊ, ट्यूब तपासून वापरत्यात. हे तपासलं की फेकायचं आस्तंय."



लागण लगेच रक्तात दिसत नाही म्हणून, संस्थेच्या सांगण्यावरून काही महिने थांबून तिनं बीडला रक्त तपासून घेतलं. त्याआधी कधी तपासलंच नव्हतं. बंकट दुकान बंद ठेवून सोबत गेला. परत आले तेव्हा त्यांची तोंडं पाहूनच मला कळलं. आजार तिच्या रक्तात निघाला होता.

बंकट ढसाढसा रडला. "माझ्यामुळं झालं."

"येडा हायस का?" ती म्हणाली. "ह्या धंद्यात मला लई वर्सं झाली. आधीचंच आसंल."

खरं काय ते मला ठाऊक नाही. तिलाही नसावं.

तेव्हापासून बंकट निरोध बुडवून दाखवतो आणि सगळ्यांसमोर कात्रीनं कापतो. हातात देतो तो बंद पाकिटातला.

आता माझा तळ गंजलाय, डांबराच्या ठिगळावर दिवस काढतोय. बबिताला औषधं सुरू झालीत, अंगानं वाळलीय, पण येते. बंकटच्या जिवाला मात्र चैन नाही. परवाही त्यानं विचारलं, "खरं सांगा ताई. माझ्यामुळंच ना?"

"समज, व्हय म्हणलं. मग हे दावायचं बंद करशील?"

"न्हाई."

"आन् न्हाई म्हणलं तर?"

"तरीबी न्हाई."

"मग कावून इचारतूस? ते बघ, गाडी थांबली. ऊठ."

तो डोळे पुसत उठला. बाबांनो, तुम्हीही या रस्त्यानं गेलात तर थांबा. चाक धड असलं तरी थांबा. लाजायचं ते घरी जाऊन लाजा. बंकट तुम्हाला सगळं नीट समजावून सांगेल. त्याला ते सांगितल्याशिवाय राहवतच नाही.