साठ किलोच्या आत

तिवशाची बाई मधली अख्खी अमरावती सोडून अकोल्याला येते आणि जुन्या शहरातल्या एका वेल्डरला म्हणते, मला सायकल बनवून द्या. धर्मपालला ही गोष्ट पहिल्याच दिवशी खटकली. अमरावतीतले वेल्डर काय संपावर गेले होते? आणि सायकल तरी कसली! बाईनं पिशवीतून शाळेची वही काढली. वहीत पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. पुढचं चाक धरणारा फोर्क लांबलचक, हँडल बैलाच्या शिंगांसारखं उंच, सीट जमिनीला लागते की काय इतकी खाली. सरळ सरळ सिनेमातल्यासारखी चॉपर मोटरसायकल! फक्त इंजिनाच्या जागी बॅटरी, मोटर आणि पायडल.

"मोटर अडीचशे वॅटचीच पायजे," बाई म्हणाली. "पंचवीसच्या वर पळाली नाई पायजे. वजन बॅटरी सोडून साठ किलोच्या आत. मंग लायसन लागत नाई, नंबर लागत नाई. कायद्यात बसली नाई त मी घेणार नाई."

पन्नाशीची बाई, पायात रबरी चप्पल, डोक्यावर पदर, आणि कायदा असा तोंडपाठ. धर्मपालनं रस्त्यावर तिच्यामागं कोणी उभं आहे का, ते आधी पाहून घेतलं.

त्याला कारणही तसंच होतं. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत धर्मपाल चॉपरवालाच होता. जुन्या मोटरसायकली कापायच्या, फोर्क लांबवायचा, पोरांना हवं तसं रूप द्यायचं. अशा आठ-नऊ गाड्या त्याच्या हातून गेल्या. मग त्यातल्या दोन रस्त्यावर पकडल्या, बनवणाऱ्याचं नाव निघालं, आणि त्याला लिहून द्यावं लागलं की पुन्हा बेकायदा गाडी केली तर दुकानाला सील. तेव्हापासून तो मुकाट्यानं गेट आणि ग्रिल करत होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा गडी तर माठातलं पाणीही फुंकून पिऊ लागला होता. दुकान गेलं असतं तर त्याला दुसरं काहीएक येत नव्हतं.

बाई गेल्यावर शेजारचा भंगारवाला देवराव पान चघळत आला. "धर्मपाल, हे जाळं हाये लेका. तुया हातून एक गाडी करून घेतीन, अन् मंग शिट्टी मारतीन. ह्या वयातल्या बाईले चॉपर काय्ले पायजे?"

"मलेबी तेच वाटून राहिलं," धर्मपाल म्हणाला.

मग नाही का म्हणाला नाही? कारण हात शिवशिवत होते. इतक्या वर्षांनी लांब फोर्क करायला मिळत होता, तोही कायद्यात बसवून. त्यानं ठरवलं, बनवायची, पण अशी की कोणाच्या बापाला खोट काढता येऊ नये.

बाईचं नाव जयवंता. ती दर शनिवारी एसटीनं यायची आणि दर शनिवारी धर्मपालचा संशय वीतभर वाढवून जायची. जोडाचा फोटो काढायची. मोटरचं पक्कं बिल मागायची. माठ घेताना बायका मारतात तशी पाइपावर टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायची. एकदा म्हणाली, "उजवं पायडल चार इंच आखूड करा." धर्मपालनं मनात नोंद केली, ही खूण आहे, कोर्टात गाडी ओळखायला. त्यानं न बोलता पायडलचा दांडा कापला.

तिसऱ्या शनिवारी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "याच्या आंधी कितीक बनवल्या तुमी अशा? कोणा-कोणाले देल्या?"

आला फास, असं धर्मपालला वाटलं. "मी? एकबी नाई, ताई. ही पह्यलीच."

"एकबी नाई?"

"नाई."

बाईनं पिशवी उचलली. मग पदर सारखा करून बसस्टँडकडं निघून गेली. आपण कसे निसटलो, म्हणून धर्मपालनं देवरावला चहा पाजला.

गाडी उभी राहिली. लाल टाकी, खरं तर नुसता पत्र्याचा डबा, पण रुबाब काय! मागं पाठीला टेकायला सळईची महिरप. घंटी, दोन्ही ब्रेक, लाल काच, मोटरवर अडीचशेचा ठसा. बॅटरी काढून दोघांनी ती देवरावच्या भंगाराच्या काट्यावर चढवली. साडेबासष्ट!

"अडीच किलोसाठी दुकान जाईन बावा तुयं," देवराव म्हणाला.

धर्मपालनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या. टाकी काढवेना, महिरप काढवेना, ती तर गाडीची शान होती. शेवटी त्यानं फोर्कचा जाड पाइप कापून काढला आणि तसाच दिसणारा पातळ लावला. जोड घासला, वर काळा रंग मारला. काटा साठच्या खाली आला. पाइपाच्या आत कोण डोकावतं?

शनिवारी जयवंताबाई आली. गाडीकडं पाहून तिचा चेहरा क्षणभर सैलावला. मग तिनं सवयीनं फोर्कवर टिचकी मारली. पुन्हा मारली.

"पाइप बदलला."

धर्मपालचं डोकं सटकलं. इतक्या दिवसांची भीती एकदम तोंडावाटे बाहेर पडली. "ताई, आता खरं सांगा! कोणी धाडलं तुमाले? फोटो काय, बिलं काय, टिचक्या काय! गरिबाच्या पोटावर पाय देऊन काय भेटन तुमाले?"

तिनं पिशवीत हात घातला आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून ऐरणीवर ठेवलं. कापड बाजूला केलं. आत वीतभर लांब, तुटका, गंजलेला पाइप होता. त्याच्या एका टोकाला जोड होता.

वेल्डरला स्वतःचा जोड ओळखायला वेळ लागत नाही. तीन बारीक टाके आणि मग एक जाड, असे टाके अख्ख्या अकोल्यात एकच माणूस घालत होता. आणि पाइप पातळ होता. आज गाडीला लावला होता तेवढाच.

"ह्यानं धाडलं मले," जयवंताबाई म्हणाली. "माह्या पियुषची गाडी. बडनेऱ्याच्या अलीकडं मोडली. ट्रक नव्हता, का काई नव्हतं. खड्डा होता साधा. गुडघा गेला त्याचा, आता वाकत नाई. तीन वर्सं झाली, पोरगं उंबरठ्याच्या बाहेर पडलं नाई. हे चित्र त्यानं काढलं. म्हणते, बसीन त धर्मपालभाऊच्या हातच्याच गाडीवर बसीन. त्याचा इस्वास हाये तुमच्यावर. माहा नाई. म्हून येत होती दर शनिवारी."

धर्मपालला पियुषच्या त्या गाडीची लाल टाकी आठवली. पोराचा चेहरा आठवला नाही, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

"किती सवाल केले तुमी आता मले," ती म्हणाली. "उजवं पायडल आखूड काहून, हे एकडाव तरी इचारलं का?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. महिनाभर तो बाईला चोर समजून तिच्यावर नजर ठेवत होता. आता त्यानं गाडीकडं पाहिलं. घंटी जागेवर, ब्रेक जागेवर, ठसा जागेवर, काटा साठच्या आत. पोलीस जिथं जिथं बघेल तिथं सगळं चोख होतं. ज्यावर पोराचा जीव तोलायचा, तो पाइप तेवढा पातळ होता.

त्यानं ग्राइंडर उचलला. आवाज ऐकून शेजारून आलेला देवराव "अबे, अबे" म्हणेपर्यंत फोर्क दोन ठिकाणी कापला गेला होता. मग त्यानं महिरप तोडली. लाल टाकीचे नट सोडून ती देवरावच्या भंगारात नेऊन टाकली. जाड पाइप पुन्हा बसवला, आतून सळईचा आधार दिला, आणि जोडावर जोड घातला. जयवंताबाई स्टुलावर बसून पाहत होती, वेल्डिंगचा उजेड पडला की तेवढी मान फिरवायची. दुपार कलली तेव्हा गाडी काट्यावर चढली. साठाला पावशेर कमी. दिसायला मात्र पिसं उपटलेल्या कोंबड्यासारखी.

तिनं आधी तुटक्या तुकड्यावर टिचकी मारली, मग नव्या फोर्कवर. दोन्ही आवाज वेगळे होते.

"न्या ताई," धर्मपाल खाली बघत म्हणाला. "टेम्पोत घालून देतो."

"नाई नेत. पुढच्या शनिवारी पियुषलेच घेऊन येते. गाडीसाठी तरी निंगन तो घराच्या बाहेर." तिनं तुकडा पुन्हा लुगड्यात गुंडाळला, पिशवीत ठेवला. "अन् तुमी मले सांगतलं होतं ना, याच्या आंधी एकबी नाई बनवली म्हून? ते त्याच्या तोंडावर सांगा."

देवराव पान चघळायचा थांबला. धर्मपालनं हातातला चष्मा उगीच शर्टाला पुसला.

"आणा त्याले," तो म्हणाला. "खरं काय ते सांगतो."

जयवंताबाईनं पिशवी खांद्याला लावली. जाता जाता तिनं गाडीचा आणखी एक फोटो काढून घेतला.