दोघांनाही मी ठीक म्हणालो

मी एक डेटाबेस बोलतोय. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मीच विसंबत नाही. नवं लिहिलं की माझ्यातलं जुनं जातं, आणि काय गेलं ते मला उमगत नाही.

१९९९ साली प्रोग्रामर अमृतने मला जुन्नर तालुक्यातल्या एका बिबट्या बचाव केंद्रासाठी घडवलं. मी ऑब्जेक्ट डेटाबेस. माझ्यात एकेक बिबट्या म्हणजे एकेक गाठोडं: वजन, वय, सापडल्याची जागा, सगळं एकत्र. नोंद उघडली की अख्ख्या गाठोड्याची नक्कल कॉम्प्युटरवर जायची. सेव्ह केली की अख्खं गाठोडं परत येऊन जुन्याच्या जागी बसायचं.

कॉम्प्युटर दोन. एकावर डॉक्टर राकेश, दुसऱ्यावर नोंदी ठेवणारी प्रतीक्षा. बाराला भारनियमन, म्हणून बाराला पाच कमी असताना दोघंही घाईने सेव्ह दाबायचे. मी दोघांनाही 'ठीक' म्हणायचो.

२००३च्या फेब्रुवारीत डिंगोरे गावात शेतकरी गेणभाऊंच्या उसात तोडणीवेळी बछडा सापडला. असा बछडा त्याच संध्याकाळी सापडल्या जागी ठेवला, तरच आई त्याला नेते. पहिल्या निरोपात जागा होती 'रस्त्याकडचं वावर'. मग गेणभाऊंचा फोन आला. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

"मॅडम, रस्त्याकडचं न्हाई, वढ्याकडचं वावर. नीट लिवा, न्हाईतर वाघीण माझ्याच दारात येऊन बसंल!"

"बदलते, भाऊ," प्रतीक्षा म्हणाली. असं मला आठवतं.

संध्याकाळी केंद्रातल्या माणसांनी माझी नोंद वाचून बछडा ठेवला. रस्त्याकडच्या वावरात. गेणभाऊ त्या वेळी कामासाठी घोडेगावला होते. सकाळी ते तणतणतच आले.

"काय राव! वाघीण रातभर वढ्यात हाका मारीत व्हती, आन् पिल्लू तुमी तिसरीकडंच ठेवलं!"

राकेशने स्क्रीन पाहिली. "प्रतीक्षा, तू बदललंच नाहीस."

"बदललं होतं, सर."

"मग काय, डेटाबेसने खाल्लं?"

खरं सांगतो, माझाही संशय तिच्यावरच होता. न लिहिता लिहिलं म्हणणारी माणसं मी पाहिली होती. प्रतीक्षा खाली बघत होती, म्हणून तर संशय आणखी वाढला.

पुढे दोन संध्याकाळी बछडा ओढ्याकडे ठेवला. आई आली नाही. तो पिंजऱ्यातच वाढला. महिन्याभरात प्रतीक्षा नोकरी सोडून गेली.

२००९ साली मला नव्या मशीनवर हलवायला अमृत आला. त्याने प्रत्येक गाठोड्याला दर सेव्हला एकाने वाढणारा आवृत्तीचा आकडा दिला. आता कोणी सेव्ह केलं की मी आधी आकडा ताडून बघतो. मधे दुसऱ्याने बदल केला असेल तर म्हणतो, थांबा, पुन्हा उघडून बघा. तुम्हीही कुणाला ठीक म्हणण्याआधी एवढं बघत चला.

जाता जाता त्याने जुन्या डिस्कवरची बदलांची लॉग फाईल उघडली. राकेशने बछड्याची नोंद अकरा चाळीसला उघडली होती, फक्त वजन भरायला. अकरा छप्पन्नला प्रतीक्षाने सेव्ह केलं: जागा, ओढ्याकडचं वावर. त्यानंतर अडतीस सेकंदांनी राकेशने सेव्ह केलं: वजन सव्वा किलो, जागा, रस्त्याकडचं वावर.